आधी पडदा उघडा, मग फोन



नात तिसऱ्या दिवशी घरी आली आणि सून म्हणाली, "आई, बाळ पिवळं दिसतंय का?" मी म्हटलं, "सगळीच होतात, जाईल." बाळंतिणीच्या खोलीचे पडदे ओढलेले, वर झिरोचा दिवा. त्यात मला काय दिसणार होतं? भेटीला आलेल्या आशाताईंनी बाळाला खिडकीशी नेलं, छातीवर बोट दाबून रंग पाहिला आणि त्याच दुपारी आम्हाला रेवसहून अलिबागला पाठवलं. दोन दिवस निळ्या दिव्याखाली राहून नात सुखरूप घरी आली.

निम्म्याहून अधिक नवजात बाळांना कावीळ होते आणि बहुतेकांची आपोआप उतरते, हे खरं. पण रक्तातलं बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते, कान जाऊ शकतात.

आता हे काम फोनच्या कॅमेऱ्याने करायचे प्रयत्न चालू आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने घानातल्या डॉक्टरांसोबत तिथल्या तीनशेहून अधिक बाळांवर असं ॲप तपासलं. ते डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा फोटो घेतं, कारण सावळ्या त्वचेवर पिवळेपणा लपतो, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यात लपत नाही. आपल्याकडच्या बाळांसाठी हे किती मोलाचं!

माझं मत असं, की आपल्या बाळांवर नीट तपासून हे साधन आशाताईंच्या हाती द्यावं. घरोघरी जाऊन नवजात बाळ बघण्याची पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घडवली. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या दिवशी येतात, नेमके कावीळ कळण्याचे दिवस. आपण मात्र कुठलंही ॲप उतरवून घरीच निकाल लावू नये. फोन म्हणजे कच्चा हिशेब, रक्ततपासणी ही पक्की वही. फोनने 'जा' म्हटलं तर जायचं. त्याने 'ठीक' म्हटलं, पण बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही, तळपाय पिवळे आहेत किंवा पहिल्याच दिवशी पिवळेपणा आहे, तरीही जायचंच. कावीळ उतरवणाऱ्याकडे किंवा कोवळ्या उन्हाच्या भरवशावर वेळ घालवायचा नाही.

जिवाला इजा नको म्हणून आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो. मग घरातल्या सर्वांत लहान जिवाला उजेडात न बघणं हा प्रमादच. तो माझ्याकडून झाला होता. तुमच्याकडून होऊ नये.