बॅकअप कुठाय?

आपण आयटीवाले एका सर्व्हरवर कधी विसंबत नाही. तो पडला तर दुसरा उभा पाहिजे. मग घरातल्या एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला बॅकअप का नसतो?

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. मुंबई-पुण्याला कामाला असलेले नवरे सातारा-सांगलीकडच्या आपापल्या गावी परतले. नेमकं एप्रिलमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने नसबंदीची ऑपरेशनं आणि तांबी बसवणं तूर्त थांबवायला सांगितलं. आशाताई कोरोनाच्या सर्व्हेला जुंपलेल्या. म्हणजे गरज वाढली आणि सोय बंद!

कुणी म्हणेल, "माणसं मरत होती, आणि तुला हे सुचतंय?" हो, सुचतंय. दवाखान्यांचे कोविड सेंटर झालेले असताना नको असलेलं गरोदरपण म्हणजे बाईच्या जिवाशीच खेळ. साथीच्या पहिल्या वर्षात 115 देशांतल्या सुमारे 1 कोटी 20 लाख बायकांची गर्भनिरोधनाची सोय तुटली, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे.

पण सगळा दोष कोरोनाला देऊ नका. डिझाइनच चुकलंय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांची नसबंदी? 0.3 टक्के! खरं तर पुरुषाचं ऑपरेशन सोपं. टाका नाही, त्याच दिवशी घरी. तरी "अशक्तपणा येतो" म्हणून गडी पळतात.

बरं, ऑपरेशन बंद होतं, पण मेडिकल दुकानं चालू होती ना? निरोध तिथे होते, गोळ्याही होत्या. दूध-भाजीला मास्क लावून बाहेर पडणाऱ्या नवऱ्याला तेवढं एक पाकीट आणता येत नव्हतं? कारण काय, तर मेडिकलवाला ओळखीचा! याची पाच मिनिटांची लाज आणि तिचे नऊ महिने.

आपल्याकडे असं बोलत नाहीत, हेही सांगू नका. याच सातारा जिल्हा परिषदेने 2007 साली पहिलं मूल लांबवणाऱ्या जोडप्यांना पैसे देणारी 'सेकंड हनिमून' योजना काढली होती.

तेव्हा मित्रांनो, पुढची साथ यायची वाट बघू नका. दर आठवड्याची 'छाया' गोळी, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन, तांबी, यातलं तिला काय हवं ते तिला ठरवू द्या. तुमच्या वाटणीचं मात्र आजच मेडिकलमधून आणा. आणि हो, कागदात न गुंडाळता.