कुऱ्हाड खाली ठेवा, आधी अंगणातला दिवा मालवा

सांज झाली की तुमच्या सांदवाडीत काय चालतं, ते चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला सांगायला नको. आंब्यावर फडफड सुरू होते. अर्धवट कुरतडलेल्या कैऱ्या पत्र्यावर आदळतात. अंगणातल्या दिव्याभोवती पाकोळ्या घिरट्या घालतात आणि पोरं ओरडत घरात पळतात. म्हातारी माणसं म्हणतात, लक्षण बरं नाही. मग कुणीतरी म्हणतं, "तोडून टाका ते झाड." दुसरा म्हणतो, "तोडता कशाला, खाली धूर करा." तिसरा मासोळीचं जुनं जाळं घेऊन येतो.

थांबा. आजच्या दिवस तरी थांबा.

वटवाघळं आपल्या वाडीत नकोत, हे तुमचं म्हणणं चुकीचं नाही. वर्षभर जपलेला आंबा एका रात्रीत उष्टा झाला की जीव जळतोच. आणि ती दूर ठेवता येतात. एकही न मारता, बहुतेक वेळा एक रुपयाही न घालवता. पण हे काम ज्या रीतीने गावोगाव होतं, त्याने वटवाघूळ जात नाही. नुकसान मात्र तुमच्या घरात येतं. म्हणून ही हाक.

आधी महिना बघा. मोहफुलं वेचून झाली, आंबा भरतोय. मोठ्या वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते आणि ती पिल्लं या दिवसांत आईच्या पोटाला चिकटलेली असतात. खाली धूर केला, फटाके फोडले, तर माद्या भर उन्हात उडतात. पिल्लं खाली पडतात. ती कोण उचलतं? तुमचा सात-आठ वर्षांचा मुलगा. नुसत्या हाताने. घाबरलेलं जनावर चावतं, आणि मग रात्री मोटारसायकलवर पोराला घेऊन तुम्ही आरोग्य केंद्राच्या दारात. नको असलेलं संकट असं स्वतःच्या हाताने बोलावू नका.

ऊनही वटवाघळांना पाडतं. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावं देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत दर उन्हाळ्यात असतात, आणि पारा 42 अंशांच्या वर गेला की मोठी वटवाघळं झाडावरून कोसळू शकतात. 2014 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागात उष्णतेच्या एका लाटेत 45 हजारांहून जास्त वटवाघळं मेली. आपल्याकडे मे 2020 मध्ये गोरखपूरजवळ अशीच झाडाखाली सडा पडावा तशी ती पडली. करोनाचे दिवस होते, लोक हादरले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासणी केली. ना करोना, ना रेबीज. उष्म्याने गेली होती. तेव्हा तुमच्या वडाखाली उद्या चार वटवाघळं पडलेली दिसली, तर साथ आली म्हणून कुऱ्हाड काढू नका. मुलांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा. हात लावू नका. वन विभागाला कळवा.

आता तुमच्या हातातलं काम. वाडीत येणारी वटवाघळं दोन जातकुळीची, आणि दोघांना बोलावणारी गोष्ट वेगळी. मोठी येतात फळाला. बारकी येतात किड्यांना. कुणाला काय बोलावतंय ते ओळखा आणि ते बोलावणं बंद करा.

ही बारकी वटवाघळं, म्हणजे पाकोळ्या, तुमच्या अंगणात का घिरट्या घालतात? तुम्ही रात्रभर जळता ठेवलेल्या पांढऱ्या दिव्यापायी. दिव्याला किडे जमतात, किड्यांमागे पाकोळी येते. दिवा मालवा. झोपेपर्यंत लागतोच म्हणाल, तर पांढऱ्याऐवजी पिवळा लावा, आणि दारावर न लावता दारापासून दूर लावा. बिबट्याच्या भीतीने काही गावांत रात्रभर दिवा ठेवावा लागतो, हे खरं आहे. तिथे तो मालवायला मी सांगणार नाही. पण मग त्याच्याभोवतीच्या पाकोळ्यांवर राग काढू नका. त्या तुमच्या केसांत अडकत नाहीत. रक्त पीत नाहीत. रक्त पिणारी वटवाघळं अमेरिका खंडात आहेत, आपल्या देशात नाहीत. त्या मच्छर, पतंग, तुडतुडे खातात. रात्रीत आपल्या निम्म्या वजनाएवढे किडे त्या फस्त करतात, पिल्लाला पाजणारी मादी त्याहून जास्त.

ही काही छोटी गोष्ट नाही. हिवतापाच्या बाबतीत गडचिरोलीचं नाव राज्यात वर्षानुवर्षं वरच्या ओळीत आहे. भामरागड, धानोरा, एटापल्लीच्या घरांना थंडी-तापाचं लेकरू म्हणजे काय ते ठाऊक आहे. पाकोळी असली म्हणजे मच्छरदाणी नको, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मच्छरदाणी लावाच. पण मच्छर खाणारं जनावर मारून वर मच्छरांची तक्रारही करू नका. धानाचंही तसंच. खोडकिड्याचा पतंग आणि तुडतुडे रात्री उडतात, पाकोळीही रात्रीच उडते. थायलंडमध्ये अभ्यासकांनी हिशोब मांडला: एकाच जातीची बारकी वटवाघळं तुडतुडे खाऊन जेवढा भात वाचवतात, तेवढ्यावर सुमारे 26 हजार माणसं वर्षभर जेवू शकतात. फवारणीचं बिल तुम्हीच भरता. ही फुकटची फवारणी बंद पाडू नका.

कौलाच्या फटीत, शाळेच्या छतात, समाजमंदिराच्या भिंतीत त्यांनी बस्तान मांडलं असेल, तर तिथून त्यांना काढण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण आता नको. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फटी लिंपल्या, तर पिल्लं आत कोंडून मरतात, कुजतात, आणि तो वास महिनाभर तुमच्याच घरात राहतो. दिवाळीच्या सुमारास करा. संध्याकाळी त्या कोणत्या भोकातून निघतात ते बघा. त्या भोकावर वरच्या बाजूने कापडाचा किंवा प्लास्टिकचा तुकडा ठोका आणि खालून मोकळा सोडा. बाहेर पडता येतं, आत शिरता येत नाही. आठवडाभर तसंच राहू द्या. सगळ्या गेल्याची खात्री झाली की भोक लिंपा. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांचा त्रास घरातल्या लेकरांना होतो. बाजारात 'आवाजाने पळवणारी' यंत्रं मिळतात. त्यात पैसे घालू नका. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नका. पाणी शिंपडा, तोंडाला फडकं बांधा, मग गोळा करा आणि खड्ड्यात टाका. चांगलं खत होतं.

आणि एखादी रात्री खोलीत शिरली तर? आधी पंखा बंद करा. आधी पंखाच. मग दिवा बंद करा, खिडक्या-दारं उघडा, बाहेर जाऊन बसा. ती आपोआप निघून जाते. टॉवेल, झाडू, काठी यांपैकी काहीही हातात घेऊ नका.

आता फळाची गोष्ट. पाडाला आलेला आंबा झाडावर पिकू देऊ नका. उतरवा आणि अढी घाला. जाम, चिकू, केळीचा घड कापडी पिशवीने किंवा जुन्या साडीच्या तुकड्याने बांधा. खाली पडलेली फळं रोज संध्याकाळच्या आत उचला. तोच वास त्यांना दुरून ओढतो. घराच्या पत्र्यावर आलेली एखादी फांदी छाटा, पूर्ण झाड नको. जाळी लावायचीच असेल तर बोट आत जाणार नाही इतकी बारीक घ्या आणि ताणून बांधा. मासोळीचं सैल जाळं टाकू नका. त्यात वटवाघूळ अडकतं, घुबड अडकतं, धामण अडकते, आणि तडफडणारं जनावर सोडवायला शेवटी तुम्हालाच हात घालावा लागतो. कुंपणात करंट सोडणाऱ्यांविषयी वेगळं काय सांगू? या दोन जिल्ह्यांत त्या तारेने वाघही गेले आणि माणसंही.

उष्टं फळ मात्र खाऊ नका. दात लागलेला आंबा, चोच मारलेला जाम, 'तेवढा भाग कापून' लेकरांना देऊ नका. फेका. इथे मी तुम्हाला घाबरवत नाही, पण लपवतही नाही. केरळात 2018 मध्ये निपाह विषाणूने 17 जणांचा जीव घेतला. मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या. त्यामुळे काळजी घ्यायचीच. ती कशी घ्यायची, हे बांगलादेशाने दाखवलं. तिथे निपाह पसरला तो शिंदीच्या कच्च्या रसातून. रात्री मडक्यावर वटवाघूळ बसतं, रस चाटतं, सकाळी तोच रस माणूस पितो. तिथल्या लोकांनी झाडं तोडली नाहीत. बांबूच्या कामट्यांची चटई विणली आणि मडक्यावर, खाचेवर गुंडाळली. वटवाघूळ रसापर्यंत पोचेना. आपल्याकडे सिरोंच्याकडे ताड-शिंदी आहे, भामरागड-एटापल्लीकडे गोरगा आहे, आणि बांबूला तर तोटाच नाही. तुमच्या गावात विणणारे हात आहेत. मडकी झाका. झाकलेल्या मडक्याचाच रस घ्या. कच्चा रस लेकरांना, गरोदर बाईला देऊ नका.

मारून रोग जातो, असं वाटत असेल तर युगांडातली किटाका खाण आठवा. 2007 मध्ये तिथे खाणकामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाली. लोकांनी खाणीतली वटवाघळं संपवून टाकली. काही वर्षांनी तिथे नवी वटवाघळं आली. 2012 मध्ये तपासली, तर त्यांच्यातलं संसर्गाचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं, आणि त्याच वर्षी जवळच्या गावात साथही आली. थवा फोडणं म्हणजे रोग पांगवणं. तुमच्या गावात हे होऊ देऊ नका.

आणि मोह? या भागात मोहाबद्दल कुणी कुणाला शिकवावं असं काही नाही. पहाटे तीनला टोपली घेऊन निघणाऱ्या बाया तुमच्याच घरच्या. ते फूल रात्री उमलतं, आणि रात्री त्या फुलावर येणाऱ्या पाहुण्यांत वटवाघळांचा वाटा मोठा. फुलाचा गोड भाग ती खातात, तोंडाला पराग लागतो, दुसऱ्या झाडाला जातो. मग फळ धरतं. फळातून टोरी मिळते, टोरीचं तेल निघतं. फळ घेऊन वटवाघूळ दूर उडतं, खाऊन बी टाकतं, तिथे नवं रोप उगवतं. मोह क्वचितच कुणी मुद्दाम लावतं, तरी जंगलात मोह आहे. वटवाघळांचा वड तोडलात, तर दहा-वीस वर्षांनी तुमच्या सुनेच्या टोपलीत काय येईल, याचा विचार आज रात्री करा.

कायदाही आता तुमच्या कुऱ्हाडीच्या बाजूने नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं कावळे-उंदरांबरोबर 'उपद्रवी' या यादीत होती, कुणीही मारावं. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली आणि 1 एप्रिल 2023 पासून हा बदल लागू झाला. मोठं वटवाघूळ आता संरक्षित प्राणी आहे. पण कायद्याच्या धाकाने तुम्ही ऐकावं, असं मला वाटत नाही. ज्या गावांनी वाघाशेजारी संसार केले, त्यांना उलट्या टांगलेल्या जनावराची धास्ती वाटावी, हे पटत नाही.

ग्रामसभेत विषय घ्या. पुढच्या बैठकीतच घ्या. मेंढा (लेखा) ने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून गावाच्या जंगलाचा निर्णय गाव घेऊ शकतं हे देशाला दाखवलं. तुमच्या गावातही मामा तलावाच्या पाळीवर, देवळामागे, नदीकाठी वटवाघळांचं एखादं जुनं झाड असेल. त्याची नोंद गावाच्या जैवविविधता नोंदवहीत करा. ते झाड राखलंत, तर दिवसाची वस्ती तिथेच राहते आणि थवा तुमच्या घरांवरच्या झाडांकडे सरकत नाही. शाळेतल्या गुरुजींना सांगा: एक तास वटवाघळावर. पोरांना एकच गोष्ट पाठ करवा, पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही.

चावलं किंवा ओरखडा आला, तर हळद, चुना, राख काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. लस द्यायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही घरी ठरवू नका.

आज संध्याकाळी पडलेली फळं उचला. बाहेरचा दिवा मालवा. रसाचं मडकं झाका. आणि शेजारचा कुणी टेंभा किंवा कुऱ्हाड घेऊन झाडाकडे निघाला, तर त्याला ओसरीवर बसवा, पाणी द्या, हे सगळं सांगा. तरीही ऐकलं नाही, किंवा वटवाघळं पडलेली दिसली, तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा. उद्यावर ढकलू नका.