रबराचा वाण आणि रबराचा भाव

कोट्टयमच्या रबर संशोधन संस्थेने १९८० साली ‘आरआरआयआय १०५’ हा वाण लागवडीसाठी दिला आणि केरळातील एकरभर जमिनीच्या कुटुंबालाही भरघोस चीक मिळू लागला. सार्वजनिक संशोधनाचे हे यश निर्विवाद आहे. परंतु रोप सुमारे सात वर्षे सांभाळायचे कुटुंबाने आणि भाव ठरायचा टायर कारखानदारांच्या खरेदीवर व आयातीवर, ही व्यवस्था वाणाने बदलली नाही. २०११ नंतर भाव कोसळले, तेव्हा मजुरीही सुटेना म्हणून अनेकांनी चीक काढणेच सोडले. आठवड्यातून एकदाच खाच घेण्याची, मजुरी वाचवणारी पद्धतही याच संस्थेची. तिचा प्रसार मात्र वाणाइतका झाला नाही. केरळ सरकारने २०१५ साली किलोला १५० रुपयांची हमी दिली. आयातीचे धोरण आखणाऱ्या केंद्राने हा भार एकट्या राज्यावर का टाकावा?