डावा पाय रिकामा!

मोटार हाकण्यातली मौज कशात असते, असे विचारले तर दहापैकी नऊजण 'वेगात' असे उत्तर देतील. उरलेला एकजण स्वतः मोटार हाकणारा असतो!

नुसत्या वेगाचाच प्रश्न असता, तर वीज श्रेष्ठ की पेट्रोल, हा वाद फार पूर्वीच मिटला असता. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी जगातली पहिली मोटार विजेवरच चालणारी होती. १८९९ साली फ्रान्समध्ये कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने तो पराक्रम केला. आपल्या मुंबईतही विजेची ट्राम १९०७ सालीच धावू लागली. तेव्हा 'ही कसली नवी थेरं!' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा जपून!

हे सारे आठवायचे कारण म्हणजे आमचे भाऊजी. राहायला मढला. वय एकाहत्तर. दारात लाल रंगाची, दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स मोटार. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कुरकुरू लागला आहे. भाची म्हणते, "बाबा, ही विका आणि माझ्यासारखी विजेची घ्या." ताईचे मत विचारूच नका. त्या मोटारीत भाजीच्या पिशवीलासुद्धा जागा नाही! दोन मोटारी पोसणे परवडणारे नाही. शेवटी "मामा सांगेल तसं करू" असे ठरले आणि मी पंच झालो.

एका रविवारी पहाटे मालाडहून मढपर्यंत दोन फेऱ्या केल्या. दोन्ही वेळा चक्रावर भाऊजी, शेजारी मी.

पहिली फेरी लाल मोटारीची. मार्व्याच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळला, उजवीकडून समुद्राचा वारा आला आणि भाऊजी वीस वर्षांनी तरुण झाले. वळण दिसले की गिअर खाली, एंजिनाचा सूर वर. सूर चढला की पुन्हा गिअर. दोन हात, दोन पाय आणि दोन कान, सगळ्यांना काम. वेग ताशी ४०चा, पण वाटत होता ८०चा! स्पोर्ट्‌स मोटारीची खरी जादू तिच्या हलकेपणात असते. १९९६ सालची इंग्लंडची 'लोटस एलिस' अवघी सव्वासातशे किलोंची होती. तिच्याच घडणीच्या आधारावर २००८ साली टेस्लाने विजेची 'रोडस्टर' काढली, तर तिची बॅटरीच साडेचारशे किलोंची भरली.

पण एरंगळच्या थांब्याशी बससाठी थांबावे लागले, तेव्हा क्लच दाबताना भाऊजींनी दात घट्ट आवळले. ते बोलले काही नाहीत. मीही विचारले नाही.

दुसरी फेरी भाचीच्या मोटारीची. पेट्रोलच्या एंजिनाचा जोर फेरे वाढतील तसा चढत जातो. विजेच्या मोटरचा जोर चाक जागचे हलण्याआधीच पुरा हजर असतो. आपल्या चाकणला बनणारी महिंद्रची 'बीई ६' घरगुती मोटार खरी, पण कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तीही सात सेकंदांच्या आत शंभरचा वेग गाठते. भाऊजींनी एकदाच पायडल दाबले आणि माझी पाठ आसनाला चिकटली. "यात कसब ते काय?" ते पुटपुटले. डावा पाय रिकामा पडला म्हणून बिचारे अस्वस्थ!

पण पुढे गंमत झाली. या मोटारीत पाय उचलला की मोटरच जनित्र बनते, गाडीला आवरते आणि थोडी वीज बॅटरीत परत घालते. कुठे पाय उचलावा हे ज्याला आधी दिसते, त्याला ब्रेक फारसा लागतच नाही. दाना-पाणीच्या वळणांवर भाऊजींनी ब्रेकला पाय म्हणून लावला नाही. एरंगळला डोक्यावर पाट्या घेतलेल्या कोळणी रस्त्याच्या मधून चालल्या होत्या. लाल मोटार त्यांनी दुरूनच ऐकली असती. हिची चाहूलही लागली नाही. युरोपात तर २०१९ पासून नव्या नमुन्याच्या विजेच्या मोटारींना सावकाश चालताना मुद्दाम आवाज करण्याची सक्ती झाली. इथे भाऊजींनी तीस पावलांवरूनच गाडी आवरली, आणि त्या बाजूला होईपर्यंत मागून मुकाट्याने चालवली. मागच्या आसनावरची भाची म्हणाली, "बाबा, मला नाही हो असं जमत!"

तिथेच माझा निवाडा झाला. मौज क्लचमध्ये नसते, वेगातही नसते. पुढचा रस्ता आधी वाचण्यात असते. ते कसब पेट्रोलच्या मोटारीने भाऊजींना चाळीस वर्षे शिकवले, आणि ते गुडघ्यात नाही, डोळ्यांत आहे. गुडघा थकला म्हणून त्याला निवृत्त करण्याचे कारण नाही. ज्याचे पाय धड आहेत त्याने गिअरची मोटार अवश्य शिकावी. पण वेदना सुरू झाली की मौजेचे तप होते, आणि रहदारीच्या रस्त्यावर तप करू नये.

"भाऊजी, लाल मोटार विका," मी सांगितले. त्यांनी मान डोलावली. जाहिरातही दिली. तेव्हापासून चार गिऱ्हाइके येऊन गेली. प्रत्येक गिऱ्हाइकागणिक भाऊजी भाव वाढवीत आहेत!