उल्हास नदींत वाहून जाणारें स्फुरद

पावसाळा सरून प्रवाहाची ओढ कमी झाली, म्हणजे उल्हास नदीच्या पात्रांत जलपर्णी माजूं लागते. शहरवासीयांस ती केवळ घाण वाटते. परंतु कोणतेंही पीक खतावांचून माजत नाहीं, हें शेतकऱ्यास सांगावयास नको; मग या पिकाला खत कोण घालतो?

बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या तीन शहरांची वस्ती 2011 च्या खानेसुमारींत नऊ लाखांवर होती. माणसाच्या मलमूत्रावाटे दररोज दरडोई एक ग्रॅमहून अधिक स्फुरद बाहेर पडतें. एकच ग्रॅम धरला, तरी दिवसाला नऊशें किलो झालें. खताच्या पोत्यावर स्फुरदाचा आंकडा ऑक्साइडच्या स्वरूपांत छापतात. त्या हिशेबानें हें दोन हजार किलोंवर जातें, म्हणजे डी. ए. पी. चीं सुमारें नव्वद पोतीं रोज! यांतील कांहीं भाग गाळांत राहतो, हें खरें. तरी ज्या खताकरितां आपण पेरणीच्या तोंडावर दुकानापुढें उभे राहतों, व ज्याचा कच्चा माल बव्हंशीं परदेशांतून येतो, तेंच येथें जलपर्णीच्या मुळाशीं जात आहे.

मैलाशुद्धीकरणाचे कारखाने आहेत ना, असें कोणी म्हणेल. परंतु त्यांच्या नेहमींच्या रीतीनें सेंद्रिय घाण जाते. विरघळलेलें स्फुरद पुष्कळसें तसेंच पुढें जातें. 2017 सालीं केंद्र सरकारनें या कारखान्यांकरितां जे नियम काढले, त्यांत स्फुरदाची मर्यादाच घातली नव्हती.

तें धरून ठेवण्याचा एक उपाय पदरी खनिजांचा आहे. मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांच्या हायड्रॉक्साइडांचे, कागदाच्या चळतीसारखे, अति पातळ पदर असतात. पदरांवर धन विद्युत्भार असतो व मधल्या फटींत ऋणभाराचे कण बसलेले असतात. पाण्यांतील फॉस्फेटही ऋणभाराचें; तें आलें कीं पहिला कण जागा सोडतो व हें आंत बसतें. कोंकणच्या जांभ्या जमिनींत सुपर फॉस्फेट लोह व ॲल्युमिनियम यांशीं जखडलें जातें, म्हणून आपण तें शेणखतांत मिसळून देतों. त्याच जातीचा हा प्रकार होय. मात्र सांडपाण्यांतील कार्बोनेटें व सल्फेटें हीही जागेसाठीं भांडतात. सबब हें खनिज अगदीं शेवटच्या टाकींत, निवळलेल्या पाण्यास लावणें बरें.

आतां खनिज कोणतें निवडावें, याविषयीं आमचें स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियांतील सी. एस. आय. आर. ओ. या सरकारी संस्थेनें 1990 नंतरच्या दशकांत बेंटोनाइट मातींत लँथॅनम घालून एक द्रव्य तयार केलें. तळीं निवळण्यास तें उत्तम. परंतु त्यानें धरलेलें स्फुरद इतकें घट्ट बसतें कीं, पिकाच्या मुळांना त्याचा उपयोग जवळजवळ नाहींच. नदी वांचली आणि खत गेलें, हा सौदा आपल्या कामाचा नाहीं. वर सांगितलेलें दुहेरी हायड्रॉक्साइड दाहक सोड्याच्या द्रावणानें धुतलें असतां स्फुरद सोडतें; त्या द्रावणांत चुना घातला कीं कॅल्शियम फॉस्फेट खालीं बसतें. धुतलेलें खनिज पुन्हां वापरतां येतें, जरी प्रत्येक खेपेस त्याची शक्ति थोडी घटते. खर्च लागेल, यांत शंका नाहीं. पण पूर्वीं पुण्याच्या सोनखताला उसाचे बागाईतदार रोख पैसे मोजीत, तेव्हां या मालाला गिऱ्हाईक नाहीं, असें कोणीं म्हणूं नये.

खरी भीति निराळी आहे. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून जाणाऱ्या वालधुनींत कारखान्यांचें पाणी मिसळतें. 2014 सालीं याच नदींत रसायनें ओतल्यानें उल्हासनगरांत शेंकडों लोकांस बाधा झाली. असल्या पाण्यांतून काढलेल्या खतांत जड धातु येतील. तें फुकट दिलें, तरी शेतकऱ्यानें घेऊं नये. म्हणून प्रयोग करावयाचा तो केवळ घरगुती मैल्याच्या पाण्यावर, व प्रत्येक घाण्याची तपासणी करून.

याच उल्हासच्या वरच्या अंगास कर्जत येथें कोंकण कृषि विद्यापीठाचें भात संशोधनाचें केंद्र आहे. बदलापूरच्या एका टाकींतून निघालेलें हें खत तेथील एका वाफ्यांत, व शेजारच्या वाफ्यांत तितक्याच स्फुरदाचें सुपर फॉस्फेट, असे दोन हंगाम घालून पाहावें, आणि दाण्यांतील धातूंसह दोन्हींचे आंकडे शेतकऱ्यांपुढें मांडावे, अशी आमची नगरपालिकांस व विद्यापीठास विनंति आहे.