दारुहळद : मूळ की कांड?

आपल्या मागणीपत्रांवर 'दारुहळद' एवढा एकच शब्द लिहिलेला असतो आणि घोटाळ्याचा आरंभ तेथूनच होतो. आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडियाने बर्बेरिस अरिस्टाटा या वनस्पतीचे वाळलेले कांड दारुहरिद्रा म्हणून मान्य केले आहे. बाजारात मात्र मुळे सर्रास येतात. कारण मूळत्वचेत बर्बेरीनचे प्रमाण अधिक. कांड जमिनीच्या वर कापले तर झुडूप पुन्हा फुटते. मूळ खणले की ते संपते.

हिमालयाच्या मध्यम उंचीच्या उतारांवरील हे काटेरी, सदाहरित, पिवळ्या फुलांचे झुडूप. कुमाऊँ-गढवालात त्याला किल्मोडा म्हणतात, हिमाचलात कशमल. आपण महाराष्ट्रातील वैद्य ते क्वचितच उभे पाहतो. पोत्यातील पिवळे तुकडे हीच आपली ओळख, आणि ती फसवी आहे. दक्षिणेत याच नावाने कॉसिनियम फेनेस्ट्रेटम ही वेल वापरली जाते. तीतही बर्बेरीन असल्याने पिवळा रंग, कडू रस, अतिनील प्रकाशातील पिवळी चमक या तिन्ही परीक्षांत ती उतरते. अखंड तुकड्याच्या आडव्या छेदात वेलीची मोठी रंध्रे दिसतात. भरड आली तर सूक्ष्मदर्शकाशिवाय गत्यंतर नाही. शिवाय ही वेल स्वतःच संकटग्रस्त आहे.

दारुहळदीच्या अभावी हळद घ्यावी, हे आपण सारेच शिकलो आहोत. परंतु प्रतिनिधी द्रव्य वैद्य जाणून घेतो. व्यापाऱ्याने न सांगता केलेली अदलाबदल त्या सवलतीत बसत नाही.

'मूळ अधिक गुणकारी, मग कांड का?' असे काही औषधनिर्माते विचारतात. चरकाने दारुहरिद्रेला लेखनीय, अर्शोघ्न आणि कंडूघ्न महाकषायांत स्थान दिले, ते एका घटकाच्या टक्केवारीवरून नव्हे. वेष्टनावर फार्माकोपियाचा आधार छापायचा आणि आत मूळ भरायचे, याचे समर्थन तर मुळीच होऊ शकत नाही.

तेव्हा मागणीपत्रात वनस्पतीच्या पूर्ण नावापुढे 'कांड' हा शब्द लिहावा आणि मुळे आल्यास पोते परत करावे. दर चढला तरी. रसांजनाचे दुखणे याहून मोठे. ते काळ्या ढेपेच्या रूपात हाती पडते, तेव्हा मूळ कोणते नि कांड कोणते हे नजरेने ओळखण्याची सोयच उरत नाही, माती किती हेही पाण्यात विरघळवून गाळल्यावरच कळते. ज्या फार्मसींकडे भट्टी व मनुष्यबळ आहे, त्यांनी पारखलेल्या कांडाच्या क्वाथापासून ते स्वतःच सिद्ध करावे.