रिकामटेकडी टेकडी

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्स शहराला लागूनच वाळवंटातल्या खडकाळ टेकड्या आहेत. पायाखाली सुटे दगड, माणसापेक्षा उंच निवडुंग. तरी तिथे पुरुषांबरोबर बायकाही चढतात. कशाला? तर कुणीतरी दडवून ठेवलेला डबा शोधायला! या खेळाला म्हणतात जिओकॅशिंग. मे २००० मध्ये जीपीएस सर्वसामान्यांसाठी अचूक झालं आणि लगेच हा खेळ निघाला. डब्यात असते एक वही, फार तर चार किरकोळ वस्तू. वहीत नाव लिहायचं, वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तिथेच परत.

‘एवढ्यासाठी एवढी तंगडतोड?’ असं म्हणाल. मला तर तेच आवडलं. आपण घराबाहेर पडतो भाजीला, बँकेत, शाळेत. डोंगर चढतो तोही नवस फेडायला. ‘वरून गाव कसं दिसतं ते बघून येते’ म्हटलं, की सासूबाई विचारणारच, ‘काम काय तिकडे?’ काम काहीच नाही! वर वारा खात बसायचं, खाली पसरलेलं शहर बघायचं, बस्स.

मात्र उन्हाआधी निघावं, पाणी भरपूर घ्यावं. कपारीत हात घालण्याआधी काठीने चाचपावं. तिथेही विंचू-साप असतातच.